अपग्रेडनंतर आवाज गेला कुठे?

आज थिन क्लायंटबद्दल बोलू. थिन क्लायंट म्हणजे लॅबमधला तो छोटा डबा. स्क्रीन, कीबोर्ड, हेडफोन त्याला जोडलेले, पण प्रोग्राम चालतात दुसऱ्या खोलीतल्या सर्व्हरवर. लिनक्स अपग्रेड केलं की कधी कधी असं होतं: चित्र व्यवस्थित, आवाज गायब.

तुम्ही म्हणाल, आवाजावाचून काय अडतं? दृष्टिहीन विद्यार्थ्यांचं अडतं ना! ते ऑर्का हा स्क्रीन रीडर वापरतात. त्यांच्यासाठी आवाज हीच स्क्रीन. आवाज बंद म्हणजे कॉम्प्युटरच बंद.

मग होतं काय? उबुंटू 22.04 मध्ये आवाजाचं काम पल्सऑडिओ बघायचा. 22.10 पासून ते पाइपवायरकडे गेलं. त्यामुळे 22.04 वरून 24.04 वर गेलात की साउंड सर्व्हरच बदलतो.

आता आपला वाटूर फाटा डोळ्यांसमोर आणा. जालन्याहून आलेली एक एसटी मंठ्याकडे जाते, एक परतूरकडे. बोर्ड न बघता चढलात तर परतूरचा माणूस मंठ्यात उतरणार. आवाजाचंही तसंच. तो सर्व्हरवर तयार होतो आणि नेटवर्कवरून तुमच्या हेडफोनपर्यंत यायला हवा. कुठे जायचं, हे सांगणारा बोर्ड म्हणजे 'पल्स सर्व्हर' नावाचं सेटिंग. तो नसेल तर आवाज सर्व्हरच्या रिकाम्या खोलीतच वाजतो.

तपासायचं कसं? थिन क्लायंटवर लॉगिन करून टर्मिनलमध्ये 'पी-ए-सी-टी-एल' लिहा, स्पेस द्या, पुढे 'इन्फो'. त्यात 'सर्व्हर स्ट्रिंग' ही ओळ बघा. टीसीपी आणि क्लायंटचा आयपी अॅड्रेस दिसला तर बोर्ड बरोबर आहे. लोकल फाइलचा रस्ता दिसला तर बोर्ड चुकलाय. आणि 'कनेक्शन रिफ्यूज्ड' आलं तर बोर्ड ठीक आहे, पण क्लायंटचं दार बंद आहे.

खरी गंमत या दारातच आहे. आधी 'डिफॉल्ट डॉट पीए' या फाइलमध्ये एक ओळ टाकली की क्लायंट नेटवर्कवरून आवाज घ्यायचा. अपग्रेडनंतर फाइल तिथेच असते, ओळही असते, पण पाइपवायर ती फाइल वाचतच नाही! नवी सेटिंग 'पाइपवायर-पल्स'च्या कॉन्फिगमध्ये, 'सर्व्हर डॉट अॅड्रेस'पुढे लिहायची: टीसीपी, पोर्ट 4713. आधीची 'युनिक्स नेटिव्ह' ही नोंद मात्र ठेवा, नाहीतर क्लायंटवरच्याच प्रोग्रामचा आवाज जाईल. मग ती सर्व्हिस रीस्टार्ट करा.

तरीही शांतता? मग क्लायंटवर 'डिफॉल्ट सिंक' बघा. तिथे 'ऑटो नल' दिसलं, तर साउंड कार्डच सापडलेलं नाही. नेटवर्क सोडा, आधी ड्रायव्हर बघा.

एक सांभाळा: 4713 हे पोर्ट लॅबच्या नेटवर्कपुरतंच उघडा, बाहेर नको. आणि अपग्रेड करायचं तर आधी एकाच डब्यावर करा, हेडफोन लावून ऑर्का बोलतोय का ते ऐका, मगच बाकीच्यांना हात लावा. भेटू पुढच्या भागात!