प्रवासांतील अन्न व आसरा

सुटी लागली कीं प्रवासाचे बेत सुरू होतात. कोठें जावें, काय पाहावें, याचा विचार आपण पुष्कळ करितों. परंतु कोठें जेवावें आणि रात्रीं कोठें राहावें, हा प्रश्न बहुधा मुक्कामावर पोंचल्यावरच सुचतो. त्या वेळीं पोटांत भूक व अंगांत थकवा असतो, आणि अशा माणसास फसविणें फार सोपें असतें.

याचा अनुभव आम्हांस आलेला आहे. कांहीं वर्षांपूर्वीं आम्ही विद्यार्थ्यांची एक तुकडी घेऊन एका यात्रेच्या गांवीं गेलों होतों. एस. टी. स्थानकाबाहेर एका गोडबोल्या दलालानें आम्हांस गांठलें व एका खानावळींत नेलें. वाढलेली भाजी शिळी असून नुसती ऊन केलेली आहे, हें वासावरून कळत होतें. पण मुलें भुकेलीं होतीं, म्हणून आम्ही गप्प राहिलों. त्या रात्रीं तीन मुलें आजारी पडलीं. तीं दोन दिवसांत बरीं झालीं खरीं. परंतु आईबापांनीं आमच्या भरंवशावर पाठविलेलीं तीं लेंकरें होतीं, ही गोष्ट आम्ही विसरलों नाहीं. तेव्हांपासून आम्ही जे नियम पाळीत आलों आहों, ते येथें सांगतों.

प्रथम, विचारावें कोणास? जो आपणांस बोलवावयास येतो त्यास नव्हे. कारण गिऱ्हाईक आणून दिल्याबद्दल त्यास पैसे मिळतात. ज्यास आपल्या जेवणापासून कांहीं लाभ नाहीं, अशा पोस्टमनास किंवा शाळेच्या शिपायास विचारावें. तेंही “चांगली खानावळ कोणती?” असें नव्हे, तर “आपण स्वतः कोठें जेवतां?” असें विचारावें. या प्रश्नाचें उत्तर बहुधा खरें येतें.

नंतर, पाहावें काय? गांवचीच माणसें जेथें दररोज जेवतात, तेथें अन्न शिळें होण्यास अवधि मिळत नाहीं. भाकरी तव्यावरून ताटांत येते कीं सकाळचीच चळत ठेवलेली आहे, भांडीं कसल्या पाण्यांत विसळतात, हें बसण्यापूर्वीं पाहावें. इ. स. २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याप्रमाणें खाद्यगृहास नोंदणी अथवा परवाना घ्यावा लागतो. त्याचा १४ अंकी क्रमांक दर्शनी जागीं असावयास पाहिजे. पाण्याची खात्री नसेल तर बर्फ व कापून ठेवलेलीं फळें टाळावीं.

राहण्याची जागा दिवस मावळण्यापूर्वीं शोधावी. रेल्वेचें तिकीट असणारास मोठ्या स्थानकांवर विश्रामकक्ष मिळूं शकतो; क्षेत्रांच्या गांवीं धर्मशाळा व भक्तनिवास असतात. पैसे देण्यापूर्वीं खोली स्वतः पाहावी : कडी आंतून नीट लागते काय, नळास पाणी येतें काय, आग लागल्यास बाहेर पडण्यास दुसरी वाट आहे काय. दर ठरवून पावती घ्यावी. हल्लीं फोनवर परक्यांचे अभिप्राय वाचून जागा ठरवितात. त्यांतील स्तुति कधीं कधीं पैसे देऊन लिहविलेली असते. म्हणून तारे मोजण्यापेक्षां तक्रारी वाचाव्या.

परंतु एवढ्यानें ‘चांगली जागा’ या शब्दांचा अर्थ पुरा होत नाहीं. इ. स. १९०१ सालीं लहानगे भीमराव आंबेडकर हे भाऊ व भाचे यांसह साताऱ्याहून वडिलांच्या नोकरीच्या गांवीं निघाले. मसूर स्थानकावर उतरल्यावर हीं मुलें महार आहेत असें कळतांच एकही गाडीवान त्यांस नेईना. शेवटीं दुप्पट भाड्यावर एक तयार झाला. पण गाडी मुलांनीं हांकावयाची व त्यानें पायीं चालावयाचें! जवळ फराळाचा डबा भरलेला होता. परंतु वाटेंत पिण्यास पाणी कोणी देईना, आणि पाण्यावांचून तें अन्न खातां येईना. मुलें उपाशींच निजलीं. पुढें १९१७ सालीं, परदेशांतून उच्च शिक्षण घेऊन आल्यावरही, बडोद्यास त्यांना नांव लपवून एका पथिकाश्रमांत राहावें लागलें, आणि तें उघडकीस येतांच तेथूनही बाहेर पडावें लागलें. हे प्रसंग त्यांनीं स्वतः लिहून ठेविले आहेत.

२६ जानेवारी १९५० रोजीं अमलांत आलेल्या राज्यघटनेच्या १५ व्या कलमान्वयें धर्म, वंश, जात, लिंग अथवा जन्मस्थान यांवरून कोणासही उपाहारगृहांत वा हॉटेलांत मज्जाव करतां येत नाहीं. कायदा झाला, तो पाळणें आपणां सर्वांकडे आहे.

म्हणून, विद्यार्थिमित्रांनो, पुढच्या प्रवासांत ताट व खोली पाहून झाल्यावर आणखी एक गोष्ट पाहा : फाटक्या कपड्यांतला माणूस आंत आला तर मालक त्याशीं कसा बोलतो? जेथें त्यासही तेंच बांकडें व तोच पेला मिळतो, तेथें निःशंक बसा. आणि आपल्या दारीं कोणी वाटसरू आला, तर त्याचें नांवगांव विचारण्यापूर्वीं त्यास पाणी द्या.