बूट घ्या, पण पायाच्या मापाचा

चिखला आणि डोंगरी बुजुर्ग ही नावे आपल्या भंडारा जिल्ह्यात कोणाला ठाऊक नाहीत? तुमसर तालुक्यातील मँगनीजच्या या खाणींवर कित्येक घरांचे संसार उभे राहिले. मॉईल ही कंपनी १९६२ साली स्थापन झाली. या पट्ट्यातले मँगनीजचे खाणकाम मात्र तिच्याही आधीचे, इंग्रजांच्या काळापासूनचे. चिखल्याला जमिनीच्या पोटात उतरून काम, तर डोंगरी बुजुर्गला उघड्या खाणीत. इकडे वरठीला पोलादाचा कारखाना, जवाहरनगरला आयुध निर्माणी, गडेगावला ट्रक-बसचा कारखाना. या सगळ्या ठिकाणी पाळीवर निघालेला आपला माणूस घरून डबा घेतो, डोक्याला हेल्मेट घालतो आणि पायात सेफ्टी बूट चढवतो. हेल्मेटबद्दल फलक लागतात, भाषणे होतात. बुटाबद्दल कोणी बोलत नाही. आठ तास शरीराचा सगळा भार मात्र त्या बुटातल्या पावलांवरच असतो.

आपल्याकडे एक जुनी खोड आहे, तिचेही कारण आहे. पायात वहाण घालून गावातल्या मोठ्यांच्या दारावरून जाता येत नव्हते, ती वहाण हातात घ्यावी लागे, असे दिवस आपल्या आजोबा-पणजोबांनी पाहिले. ज्यांच्या पायाला काही मिळतच नव्हते, त्यांच्या घरात ‘बूट मिळाला ना, मग झाले’ अशी समजूत राहणे साहजिक आहे. म्हणून नवा बूट चावला तरी माणूस तक्रार करीत नाही. चार दिवस कळ काढतो, करंगळीवर फोड येतो, टाच सोलून निघते. मग कोणी बुटाची मागची बाजू चेपून त्याची सपाता करून टाकतो, कोणी नाडीच बांधत नाही, आणि कोणी चक्क बूट खुंटीला टांगून चपलेवर कामाला जातो. मँगनीजचा दगड हातात घेतलेल्यांना सांगायला नको. तो तेवढ्याच आकाराच्या साध्या दगडापेक्षा कितीतरी जड असतो. असा दगड चपलेतल्या बोटांवर पडला तर काय होईल, ते वेगळे लिहायला नको.

म्हणूनच न बसणारा बूट हा गैरसोयीपुरता प्रश्न राहत नाही. चावणारा बूट माणूस काढून ठेवतो, आणि काढून ठेवलेला बूट कोणाचेही रक्षण करीत नाही.

आता मुळाशी जाऊ. बूट चावतो का? कारण बूट कलबुतावर, म्हणजे पावलाच्या आकाराच्या साच्यावर, बेतला जातो. साचा जसा, तसा बूट. आणि आपल्याकडे रूढ असलेले नंबर मुळात इंग्रजांचे. सहा-सात-आठ हे जे नंबर आपण सांगतो, त्यांतील दर नंबरामागे लांबीत एक तृतीयांश इंच, म्हणजे सुमारे साडेआठ मिलिमीटर वाढ होते. हे माप विलायतेतल्या जवाच्या दाण्यावरून आले. तीन दाणे म्हणजे एक इंच. एकोणचाळीस-चाळीस-एकेचाळीस हे नंबर युरोपातले, त्यांची वाढ वेगळी. यांतला कोणताही नंबर घेतला तरी तो पावलाची लांबी सांगतो, रुंदी नाही.

आणि आपली अडचण तर रुंदीचीच. लहानपणापासून अनवाणी किंवा चपलेवर वाढलेले पाऊल चवड्याकडे पसरट होते, बोटे मोकळी फाकतात. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशभरातील ७९ ठिकाणी एक लाखाहून अधिक लोकांची पावले मोजली. भारतीयांची पावले सर्वसाधारणपणे युरोप-अमेरिकेतल्या लोकांच्या पावलांपेक्षा रुंद असतात, असे त्यात दिसून आले. त्यावरून भारतीयांसाठी ‘भ’ या अक्षराने ओळखली जाणारी निराळी नंबरपद्धती सुचविण्यात आली. पुष्कळ लोक पावलापेक्षा लांब बूट वापरतात, हेही त्याच पाहणीत आढळले. हे वाचून मला तरी नवल वाटले नाही. चवड्याला बूट आवळला की दुकानदार काय म्हणतो? “एक नंबर मोठा घ्या.” आपण घेतो. लांबी साडेआठ मिलिमीटर वाढते, रुंदी त्या मानाने फारच थोडी. चवडा तसाच आवळलेला राहतो, आणि वर टाच बुटात खालीवर होऊ लागते. पुढे कुरूप, मागे फोड! उतारावरून चालताना पाऊल पुढे घसरते आणि बोटे पोलादी टोपीवर आपटतात. अंगठ्याचे नख काळे पडण्याचे हे एक नेहमीचे कारण आहे.

बर्फावर घसरण्याचा एक खेळ आहे, काश्मिरात गुलमर्गला चालतो. आपल्या घरातले कोणी तिकडे जाईल न जाईल, पण त्या खेळातल्या बुटापासून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. तो बूट टणक प्लॅस्टिकचा, कातड्यासारखा सैल न होणारा. म्हणून त्याचा नंबर म्हणजे सरळ पावलाची सेंटिमीटरमधली लांबी. साडेसव्वीस सेंटिमीटरच्या पावलाला साडेसव्वीस नंबर. तेथेही नवखे लोक सुखाचा म्हणून सैल बूट घेतात आणि दिवसभर पाय चोळत बसतात. जाणकार माणूस बुटाचे आतले मऊ अस्तर काढून घेतो, नुसत्या कवचात पाऊल घालतो, बोटे पुढे टेकवतो आणि टाचेमागे किती बोटे जागा उरते ते पाहतो.

आपल्या सेफ्टी बुटालाही पुढे पोलादाचे कवच आहे. आत घातलेली ही टोपी दोनशे ज्यूलचा आघात सोसेल अशी बनवतात. म्हणजे वीस किलोचे वजन एक मीटर उंचीवरून पडले तर जेवढा दणका बसेल, साधारण तेवढा. हे पोलाद कधीही सैल होत नाही. “वापरून वापरून सैल होईल” हे दुकानदाराचे किंवा स्टोअरवाल्याचे म्हणणे कातड्यापुरते खरे आहे, बोटांवरच्या टोपीला ते लागू नाही. पहिल्या दिवशी करंगळी टोपीच्या कडेला घासत असेल, तर वर्षानेही ती घासणारच. तेव्हा असा बूट तेथल्या तेथे परत करावा.

मग माप कसे घ्यावे? हे काम घरी, संध्याकाळी करावे. दिवसभर उभे राहून पाऊल थोडे फुगते, आणि बूट त्या फुगलेल्या पावलालाच घालायचा असतो. कामावर जे मोजे घालता तेच घाला. जमिनीवर कोरा कागद ठेवून त्यावर उभे राहा. बसून माप घेऊ नये, भार पडला की पाऊल लांबते आणि पसरते. दुसऱ्या कोणाला तरी पेन्सिल सरळ उभी धरून कडेने रेघ काढायला सांगा. मुले हे काम हौसेने करतात. टाचेपासून सर्वांत लांब बोटापर्यंतची लांबी मोजा. हे बोट अंगठाच असेल असे नाही. पुष्कळांचे अंगठ्याशेजारचे बोट लांब असते. मग चवड्याची सर्वांत रुंद जागा मोजा. दोन्ही पायांचे माप घ्या, कारण दोन्ही पावले तंतोतंत सारखी क्वचितच असतात. मोठ्या पावलाचे माप धरावे. लहान पावलाच्या बुटात एक जास्तीचा सुखतळा घालता येतो. मोठ्या पावलाला मात्र कापून लहान करता येत नाही!

बूट हातात आला की आतला सुखतळा बाहेर काढून जमिनीवर ठेवा आणि त्यावर उभे राहा. गुलमर्गच्या जाणकाराची युक्ती हीच. पाऊल सुखतळ्याच्या दोन्ही बाजूंनी बाहेर सांडत असेल, तर तो बूट तुमच्या रुंदीचा नाही. पुढे बोटांसमोर साधारण अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा उरली पाहिजे. मग बूट घालून टाच मागे नीट बसवा, नाडी घोट्यापर्यंत बांधा आणि चाला. गुडघे टेकून बसा, उकिडवे बसा. काम करताना जसे बसता तसे. टोपीची मागची कड बोटांच्या मुळाशी रुतते का ते तेव्हाच कळते. जिन्यावरून किंवा उतारावरून खाली या. बोटे पुढे आपटली तर बूट लांब किंवा सैल आहे. टाच सारखी उचलली जात असेल तरी तेच.

नाडीकडेही आपले लक्ष नसते. पावलाची पाठ उंच असेल आणि तेथे दाब पडत असेल, तर त्या जागेच्या भोकांतून नाडी आडवी न नेता सरळ वरच्या भोकात ओवावी. टाच हलत असेल तर घोट्याजवळ एक पक्की गाठ मारून मग वर बांधावे. खाली चवड्याकडे नाडी फार आवळण्याचे काही कारण नाही.

नवा बूट पहिल्याच दिवशी पूर्ण पाळीभर घालू नये. घरात तासभर, दुसऱ्या दिवशी दोन तास, असा तो पायाला सवयीचा करावा. कातडे एखाद्या जागी टोचत असेल तर आपले चर्मकार बांधव साच्यावर चढवून तेवढी जागा सैल करून देतात. हे काम त्यांच्याइतके दुसऱ्या कोणाला जमत नाही. पण बूट कापू नये, तळाला भोके पाडू नयेत, खिळे तर मुळीच मारू नयेत. स्फोटकांच्या कामावर बुटाला लोखंडी खिळा चालत नाही, एक ठिणगीही तेथे घातक ठरते. तेथला बूट घरी दुरुस्त करण्याचा नाही, बदलून मागण्याचा आहे. वितळलेल्या लोखंडाजवळच्या कामाचे बूट आणखी निराळे. अंगावर उसळले तर क्षणात निघतील असे ते हवेत. एका कामाचा बूट दुसऱ्या कामावर नेऊ नये, एकाने वापरलेला बूट दुसऱ्यानेही घालू नये; पहिल्याच्या पावलाचा आकार त्यात बसलेला असतो.

भुयारी खाणीत पाणी, पावसाळ्यात उघड्या खाणीत चिखल, आणि सुटी मिळाली की तेच पाय धानाच्या बांधीत रोवणीला. बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात, त्यावर पुन्हा घामट मोजा चढतो. माता-भगिनींनी एवढे पाहावे की ओला बूट चुलीजवळ किंवा कडक उन्हात वाळत घातला जाणार नाही. कातडे टणक होते, तळ सुटतो, आणि टणक झालेला बूट अधिकच चावतो. जुनी वर्तमानपत्रे चुरगाळून आत कोंबावीत, ओली झाली की बदलावीत, बूट सावलीत वाऱ्यावर ठेवावा. मोज्यांचे दोन-तीन जोड असावेत, रोज धुतलेला घालावा. पाय धुतल्यावर बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसाव्यात.

ज्यांना साखरेचा आजार आहे त्यांच्याबद्दल स्वतंत्र सांगितले पाहिजे. पावलाची जाणीव कमी झाली की बूट चावतो हे कळतच नाही. दुखत नाही म्हणून बूट बरोबर आहे असे त्यांनी समजू नये. रोज रात्री दोन्ही तळवे स्वतः पाहावेत किंवा घरच्यांकडून पाहून घ्यावेत, आणि बूट घालण्याआधी आत हात फिरवून खडा, खिळा तपासावा. आपला जिल्हा हत्तीरोगाच्या पट्ट्यातला. गोळ्या वाटपाच्या मोहिमा आपण पाहिल्या आहेत. ज्यांच्या पायाला सूज आहे त्यांना बारीकशी जखमही महागात पडते. त्यांनी जास्त सुजलेल्या पायाचे माप धरावे आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने मऊ, रुंद पादत्राण घ्यावे. फोड आला तर तो कोणीही फोडू नये; स्वच्छ धुऊन झाकावा.

आता हक्काची गोष्ट. धातूच्या खाणींसाठी १९६१ साली झालेल्या नियमावलीत असे लिहिले गेले की मान्यताप्राप्त संरक्षक पादत्राण घातल्याशिवाय कोणत्याही व्यक्तीने खाणीत जाऊ नये, आणि हे पादत्राण व्यवस्थापनाने मोफत पुरवावे. ‘कोणत्याही व्यक्तीने’ हे शब्द लक्षात घ्या. कायम कामगार आणि ठेकेदाराचा मजूर असा भेद त्यात नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार सुरक्षा व आरोग्याच्या नव्या संहितेतही सुरक्षिततेसाठी दिलेल्या वस्तूचे पैसे कामगाराकडून घेऊ नयेत असे म्हटले आहे. तेव्हा बुटाचे पैसे कोणी पगारातून कापत असेल तर विचारायला संकोच नको.

पण बूट मोफत मिळतो म्हणून जो पुढ्यात पडेल तो उचलायचा, असे नव्हे. स्टोअरमध्ये नुसते “सात नंबर” सांगून येऊ नका. घरी काढलेला तो कागद सोबत न्या; दोन्ही पावलांची लांबी, चवड्याची रुंदी सेंटिमीटरमध्ये, आपले नाव व हजेरी क्रमांक त्यावर लिहा. एक प्रत आपल्याजवळ ठेवा. बूट बसला नाही तर तसे त्याच दिवशी लेखी द्या. वापरून मळलेला बूट परत घेण्यास कोणीही कांकूं करतो. मोठ्या खाणींत सुरक्षा समिती असते, त्यात कामगारांचे प्रतिनिधी असतात; त्यांच्यापुढे बुटांच्या रुंदीचा विषय मांडता येतो. एकट्याने मागितले तर “तुझाच पाय वेगळा” असे ऐकावे लागते. वीस जणांनी आपापल्या पावलांचे कागद एकत्र दिले तर पुढच्या खरेदीत रुंद साच्याचे बूट मागवा, असे म्हणायला आधार मिळतो.

आणि भगिनींचे काय? खाणीवर, कारखान्यात, सफाईच्या कामावर असणाऱ्या बायकांना बहुधा पुरुषांचाच बूट लहान नंबरात दिला जातो. बाईच्या पावलाची घडण निराळी असते. चवड्याच्या मानाने टाच अरुंद. पुरुषांच्या साच्यावरचा बूट चवड्याला बसला तर टाचेला सैल, टाचेला बसला तर चवड्याला घट्ट. मोज्यांवर मोजे चढवून आमच्या बहिणी दिवस काढतात. बायकांच्या साच्यावर केलेले सेफ्टी बूट बाजारात मिळतात. मागणीच्या कागदावर नंबरासोबत ‘स्त्रियांच्या साच्याचा’ हे शब्द स्पष्ट लिहावेत, आणि पोच घेतल्याशिवाय कागद देऊ नये.