दुप्पट गरम म्हणजे किती?

सकाळी १० अंश सेल्सिअस आणि दुपारी २०, म्हणजे तापमान दुप्पट झाले, असे सहज म्हटले जाते; ते चूक आहे. हीच तापमाने फॅरेनहाइटमध्ये ५० आणि ६८ होतात, आणि ६८ ही काही ५०ची दुप्पट नव्हे. सेल्सिअसला १.८ने गुणून ३२ मिळवले की फॅरेनहाइट मिळते. या संबंधाचा आलेख सरळ रेषाच आहे, पण ती आरंभबिंदूतून जात नाही. म्हणून फॅरेनहाइट आणि सेल्सिअस आकड्यांचे गुणोत्तर आधी ५, मग ३.४ असे बदलत राहते. बदलत नाही ते वाढींचे गुणोत्तर: कुठूनही मोजा, १० अंश सेल्सिअसला १८ अंश फॅरेनहाइटच वाढतात. हा १.८ म्हणजे रेषेचा चढ. समप्रमाणात चढ आणि गुणोत्तर एकच संख्या असते, गोंधळ तिथूनच सुरू होतो.

यावर कोणी म्हणेल, शून्य माणसानेच ठरवलेले, ते सरकवले की कुठलीही तिरकी रेषा समप्रमाणाची होईल. कागदावर होईलही. पण केल्विन मापाचे शून्य, उणे २७३.१५ अंश सेल्सिअस, निसर्गाने ठरवलेले आहे. दाब स्थिर असताना विरळ वायूचे आकारमान या मापातल्या तापमानाच्या जवळजवळ समप्रमाणात वाढते. त्या मापाने सकाळ-दुपारची वाढ जेमतेम साडेतीन टक्के भरते.