थकवा वयाचा की अवटूचा?

वैशाखाच्या उन्हातही अंगावरची शाल न सोडणारी आजी आपण कुठे ना कुठे पाहिली असेल. तिचा आवाज हळूहळू घोगरा होत जातो. पोट साफ होत नाही. दुपारी आडवी झाली की दिवेलागणीपर्यंत उठावेसे वाटत नाही, आणि नातवाने काही विचारले तर उत्तर ओठांवर यायला वेळ लागतो. घरातली माणसे म्हणतात, ‘वय झालं आता.’ पुष्कळदा ते खरेही असते. परंतु काही घरांत ते खरे नसते, आणि एक साधी रक्ततपासणी न झाल्यामुळे त्या माणसाच्या आयुष्यातील वर्ष-दोन वर्षे उगाच मंदावलेली निघून जातात. ही गफलत का होते ते नीट उमगण्यासाठी गळ्यातील एका लहानशा ग्रंथीची ओळख हवी. ही ओळख माणसापेक्षा बेडकाकडून करून घेणे अधिक सोपे आहे.

पावसाळ्यात डबक्यात वळवळणारी काळी, शेपटीवाली पिल्ले आपण लहानपणी ओंजळीत धरली असतील. जीवशास्त्राच्या मराठी ग्रंथांत त्यांना ‘भैकेर’ म्हणतात. त्यांना पाय नसतात. ती कल्ल्यांनी श्वास घेतात आणि बहुतेक जातींची पिल्ले शेवाळ खरवडून जगतात. काही आठवड्यांत त्यांना आधी मागचे व मग पुढचे पाय फुटतात, कल्ले नाहीसे होतात, शाकाहाराला साजेसे लांबलचक आतडे आखूड होते आणि शेपटी शरीरातच विरघळून जाते. शेपटी गळून पडत नाही, हे ध्यानात घ्यावे. तिच्या पेशींना संपण्याचा निरोप मिळतो आणि त्याच वेळी पायांच्या पेशींना वाढण्याचा. दोन्ही निरोप घेऊन येणारा दूत मात्र एकच असतो.

हा दूत कोण, याचा सुगावा १९१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगातून लागला. फ्रीडरिख गुडरनाच या शास्त्रज्ञाने भैकेरांना निरनिराळ्या प्राणिज ग्रंथींचे तुकडे खाऊ घातले. ज्यांना घोड्याची अवटू ग्रंथी, म्हणजे आपण ज्याला सर्रास ‘थायरॉइड’ म्हणतो ती, मिळाली, ती पिल्ले वाढीची वाट न पाहता घाईघाईने बेडूक झाली. इतकी चिमुकली की पाहणाऱ्याला नवल वाटावे. पुढे १९१६ मध्ये अमेरिकेत बेनेट ॲलन यांनी उलट बाजूने पाहिले. भैकेरातील अवटूच काढून टाकल्यावर ती पिल्ले वाढत राहिली, मोठमोठी झाली, पण बेडूक काही झाली नाहीत. घोड्याच्या गळ्यातील द्रव्य बेडकाच्या पिल्लाला समजते, ही त्यातली सर्वांत विलक्षण गोष्ट. मासा, बेडूक, पक्षी, घोडा आणि आपण या सर्वांच्या अवटूतून स्रवणारे थायरॉक्सिन एकच आहे. त्याच्या प्रत्येक रेणूत आयोडीनचे चार अणू असतात. पेशीपाशी पोहोचल्यावर त्यातला एक अणू काढला जातो आणि अधिक प्रभावी असे तीन अणूंचे रूप तयार होते. अहवालावर आपण वाचता ती ‘टी-४’ व ‘टी-३’ ही नावे याच अणूंच्या संख्येवरून आली आहेत.

अशा द्रव्यांना ‘हॉर्मोन’ हे नाव १९०५ मध्ये लंडनच्या अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी रूढ केले. चेतवणे, प्रवृत्त करणे या अर्थाच्या ग्रीक क्रियापदावरून ते घेतलेले आहे. आपला ‘संप्रेरक’ हा शब्द तोच अर्थ नेमका पकडतो. संप्रेरक स्वतः काही घडवीत नाही. जे घडायचे त्याची वेळ झाली, एवढेच ते सांगते. ते काय घडवणार हे ऐकणाऱ्या पेशीवर ठरते.

प्राणिसृष्टीत या एकाच दूताची कामे पाहू लागले तर थक्क व्हायला होते. मेक्सिकोतील झोचिमिल्को सरोवरातला ॲक्सोलोट्ल हा जलचर आयुष्यभर कल्ले मिरवीत बालरूपातच राहतो आणि त्याच रूपात त्याला पिल्लेही होतात. कारण त्याची अवटू स्वतःहून पुरेशी जागी होत नाही. त्याला बाहेरून थायरॉक्सिन दिले की कल्ले झडतात आणि तो जमिनीवर चालू लागतो. कोकणातील वाचकांना ‘लेपा’ हा चपटा मासा परिचित असेल. या गणातील मासे जन्मतः इतर माशांसारखेच, दोन बाजूंना दोन डोळे असलेले असतात. मोठे होताना एक डोळा डोक्यावरून सरकत दुसऱ्याच्या शेजारी येतो. जपानमध्ये अशाच एका चपट्या माशावर झालेल्या प्रयोगांत या स्थलांतरामागेही अवटूचेच संप्रेरक असल्याचे दिसून आले.

प्रजननाचा ऋतू ठरवण्यातही त्याचा हात असतो. लाव्यासारख्या पक्ष्याला दिवस मोठा झाल्याचे कळताच मेंदूच्या तळाशी थायरॉक्सिनचे प्रभावी रूप वाढते आणि तिथून प्रजननग्रंथींना जाग येते. मेंढीचे गणित उलटे, तिचा ऋतू दिवस लहान होताना येतो. पण अवटू काढलेल्या मेंढीला तो ऋतू थांबवायचा कधी, हेच कळेनासे होते. वर्तनाचे एक उदाहरण तर कुटुंबवत्सल माणसाला चटकन भावेल. अंड्यातून बाहेर पडलेले कोंबडीचे पिल्लू पहिल्या काही दिवसांत जे हलते-चालते दिसेल त्याला आई मानून त्याच्यामागे धावते. आई ओळखण्याची ही खिडकी उघडण्यासाठीही पिल्लाच्या मेंदूत हेच संप्रेरक पोहोचावे लागते, असे २०१२ मध्ये जपानी संशोधकांनी दाखवून दिले.

मनुष्याच्या बाळाला शेपटी झाडायची नसते. त्याला मेंदू घडवायचा असतो. गर्भावस्थेत आणि जन्मानंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत हे संप्रेरक अपुरे पडले तर बुद्धीची व उंचीची वाढ खुंटते, आणि ते नुकसान पुढे भरून निघत नाही. म्हणूनच नवजात बाळाच्या टाचेतून रक्ताचा थेंब घेऊन तपासणी करतात. आपल्या देशात हिमाचलातील कांगडा खोऱ्यात गलगंडाने घरेच्या घरे ग्रासलेली होती. तिथे १९५६ पासून डॉ. व्ही. रामलिंगस्वामी व त्यांच्या सहकाऱ्यांनी काही भागांत आयोडीनयुक्त मीठ पुरवून तुलना केली, आणि मिठाने गलगंड कमी होतो हे सिद्ध केले. १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. आज आपल्या स्वयंपाकघरातील मिठाच्या पिशवीवर ‘आयोडीनयुक्त’ असे छापलेले दिसते, त्यामागे हा इतिहास आहे. उपवासाला सैंधव खाण्यास हरकत नाही. पण घरात गर्भवती सून किंवा लहान मूल असताना रोजच्या स्वयंपाकातले मीठ बदलून पूर्णपणे सैंधवावर जाणे शहाणपणाचे नाही. त्यात आयोडीन नगण्य असते.

आता पुन्हा शाल पांघरलेल्या आजीकडे वळू. प्रौढ शरीरात रूपांतर घडवण्याचे काम संपलेले असले तरी प्रत्येक अवयवाची चाल किती जलद असावी हे अवटूच ठरवते. हृदयाचे ठोके, आतड्याची हालचाल, शरीराची ऊब, त्वचेचा ओलावा, विचारांची गती, सारेच तिच्यावर अवलंबून असते. उतारवयात, विशेषतः स्त्रियांमध्ये, शरीराची संरक्षक यंत्रणाच अवटूवर उलटते आणि ग्रंथी हळूहळू क्षीण होते. मग सर्व अवयव एकत्र मंदावतात. मंदावणे हे वार्धक्याचेही लक्षण असल्याने दोघांचा चेहरा सारखा दिसतो. फरक एकच, यातील एका मंदपणावर औषध आहे.

ते औषध किती जुने आहे, पाहा. १८९१ मध्ये इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे जॉर्ज मरी या तरुण डॉक्टरांनी ४६ वर्षांच्या एका स्त्रीला मेंढीच्या अवटूचा अर्क टोचण्यास आरंभ केला. तिचा चेहरा सुजलेला होता, वाणी जड झाली होती, थंडी सोसत नव्हती. काही महिन्यांत ती हिंडूफिरू लागली. पुढे हाच अर्क पोटातून देता येतो असे आढळले. ती स्त्री आणखी २८ वर्षे जगली आणि १९१९ मध्ये ७४ व्या वर्षी वारली. तेवढ्या काळात तिच्यासाठी ८७० हून अधिक मेंढ्यांच्या ग्रंथी लागल्या, असे मरी यांनीच नोंदवून ठेवले आहे. १९१४ च्या नाताळात अमेरिकेत एडवर्ड केंडल यांनी थायरॉक्सिन शुद्ध रूपात वेगळे केले, १९२७ मध्ये ते प्रयोगशाळेत बनवता आले, आणि मेंढ्या सुटल्या. आज बाटलीतून निघणारी इवलीशी गोळी मायक्रोग्रॅममध्ये मोजतात, म्हणजे ग्रॅमच्या दशलक्षाव्या भागात.

एवढ्या सूक्ष्म मात्रेचे औषध असल्याने ते घेण्याच्या पद्धतीला फार महत्त्व आहे, आणि इथेच आपल्या घरांत घोटाळा होतो. गोळी अनशापोटी, साध्या पाण्याबरोबर घ्यावी व त्यानंतर किमान अर्धा तास, शक्यतो तासभर, चहासुद्धा घेऊ नये. ‘चहासुद्धा’ हा शब्द मुद्दाम लिहिला. पहाटे उठल्याबरोबर चहा ही अनेक वृद्धांची आयुष्यभराची सवय असते. ती मोडण्यावरून रोज वाद घालण्यापेक्षा रात्रीच्या जेवणानंतर तीन तासांनी, झोपताना गोळी देता येईल का, हे डॉक्टरांना विचारावे. पुष्कळांना ते चालते. कॅल्शियम व लोहाच्या गोळ्या थायरॉक्सिनला पोटातच अडवून ठेवतात, म्हणून दोहोंत चार तासांचे अंतर हवे. हाडांसाठी कॅल्शियम आणि अवटूसाठी ही गोळी, दोन्ही सकाळी एकत्र गिळली जातात आणि मग अहवाल सुधारत का नाही, असा प्रश्न पडतो. एकादशी असली तरी गोळी चुकवू नये. पाण्याबरोबरच घ्यायची असल्याने उपवासाला बाधा येण्याचे कारणही नाही.

हे संप्रेरक रक्तात सावकाश भरते व सावकाश ओसरते. निम्मे होण्यास सुमारे आठवडा लागतो. त्यामुळे चार दिवसांत ‘फरक नाही’ म्हणून गोळी वाढवू नये आणि महिन्याने बरे वाटले म्हणून बंदही करू नये. मात्रा बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी तपासणी करतात, ती याच कारणाने. ज्यांना हृदयविकार आहे त्यांना डॉक्टर अगदी थोड्या मात्रेने आरंभ करतात. मंदावलेल्या हृदयाला एकाएकी पळवणे धोक्याचे असते.

येथवर वाचून आपण आपल्या वडीलधाऱ्यांची टीएसएच तपासणी करायला निघाला असाल, तर क्षणभर थांबावे. टीएसएच हा मेंदूतील पीयूषिका ग्रंथीने अवटूला दिलेला हुकूम असतो. अवटू सुस्तावली की हुकमाचा आवाज वाढतो. पण वय वाढते तसा हा आकडा निरोगी माणसातही थोडा वर सरकतो. अहवालात तो ठळक छापलेला असतो, घरात धास्ती बसते आणि गोळी सुरू होते. अशाच किंचित वाढलेल्या टीएसएचच्या, ६५ वर्षे व त्यापुढील ७३७ व्यक्तींवर युरोपात झालेल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. निम्म्यांना खरी गोळी दिली, निम्म्यांना दिखाऊ. वर्षभरानंतर थकव्यात वा इतर तक्रारींत दोन्ही गटांत फरक आढळला नाही. आकडा १० च्या वर असेल, किंवा टी-४ सुद्धा खाली गेले असेल, तर गोष्ट वेगळी.

गरज नसताना किंवा गरजेपेक्षा अधिक गोळी घेणे निरुपद्रवी असते तर एवढे लिहिण्याचे कारण नव्हते. अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम गावात ६० वर्षांवरील सुमारे दोन हजार लोकांची दहा वर्षे पाहणी झाली. ज्यांचे टीएसएच फारच खाली होते, म्हणजे ज्यांच्या शरीरात संप्रेरक जास्त झाले होते, त्यांच्यात हृदयाची लय बिघडण्याचे प्रमाण सुमारे तिप्पट निघाले. अशा बिघडलेल्या लयीतून पक्षाघाताचा धोका वाढतो. हाडेही ठिसूळ होतात. तरुणपणी अवटू अतिरेक करू लागली तर माणूस चिडचिडा होतो, त्याचे हात थरथरतात, घाम फुटतो. वृद्धांत मात्र पुष्कळदा यांतले काहीच दिसत नाही. वजन घटते, छातीत धडधडते, आणि माणूस गप्प, उदास होऊन बसतो. म्हणजे मंद अवटूची आजी आणि अतिवेगी अवटूची आजी या दोघी बाहेरून सारख्याच खिन्न दिसू शकतात. नुसते पाहून निदान करण्याचा मोह कोणी धरू नये, अगदी अनुभवी शेजारणीनेही.

तेव्हा डॉक्टरांकडे जाताना मागच्या दोन-तीन तपासण्यांचे कागद तारखेनुसार लावून न्यावेत आणि चालू असलेल्या सर्व गोळ्या, पावडरी व काढे एका पिशवीत घालून न्यावेत. हृदयाची लय सांभाळणारे अमिओडॅरॉन आणि मनोविकारावरील लिथियम ही औषधे अवटूवर परिणाम करतात. घरी कोणी ती घेत असेल तर आवर्जून सांगावे, पण स्वतःहून बंद करू नयेत. केसांसाठी घेतल्या जाणाऱ्या बायोटिनच्या गोळ्यांनी तपासणीचे आकडे फसवे येऊ शकतात. तपासणीआधी त्या किती दिवस थांबवायच्या, हे विचारून घ्यावे. आणि शाल कधीपासून लागते, आवाज कधी बदलला, गेल्या वर्षीच्या दिवाळीत आजी स्वतः करंज्या करीत होती की नाही, हेही सांगावे. हा फरक रोज सोबत राहणाऱ्या माणसालाच ठाऊक असतो.