विटांच्या घराचा मध्यभाग

दिल्लीतील लक्ष्मीबाई नगराहून दक्षिणेस निघाले की मेहरौलीच्या पुढे छत्तरपूरचा परिसर लागतो. तेथे ‘फार्महाऊस’ म्हणताच उंच फाटक, हिरवळ आणि लग्नसमारंभ डोळ्यांपुढे येतात. इंग्लंडमध्ये मात्र हा शब्द शेती कसणाऱ्या कुटुंबाच्या घरासाठी रूढ झाला.

पूर्व इंग्लंडमध्ये बांधकामाचा दगड दुर्मीळ, चिकणमाती मात्र मुबलक. म्हणून तेथे वीट रुजली. मध्ययुगीन घराच्या उंच दालनात मधोमध शेकोटी पेटत असे व धूर छपरातून बाहेर पडे. त्यामुळे दालनावर मजला चढविणे अवघड होते. सोळाव्या-सतराव्या शतकांत विटांची धुराडी आली आणि शेतकऱ्याच्या घराला माडी लाभली. अनेक घरांत हे धुराडे मध्यभागी असून दोन्ही बाजूंच्या खोल्यांना ऊब देई. विटेवर सरकारचीही नजर होती. १७८४ मध्ये तेथे दर हजार विटांमागे कर बसला, तेव्हा काही उत्पादकांनी विटेचा आकारच वाढविला! हा कर १८५० मध्ये रद्द झाला.

महाराष्ट्रातील वाड्याची घडण याच्याशी ताडून पाहण्याजोगी आहे. काळ्या दगडाचे जोते, त्यावर सागवानी खांब-तुळयांचा सांगाडा आणि विटांच्या भिंती. दोन खांबांमधील अंतर म्हणजे ‘खण’. घराचा विस्तार खणांत मोजला जाई. पुण्याच्या शनिवारवाड्याची वास्तुशांत १७३२ मध्ये झाली. त्याच्या तटात खाली दगड, वर वीट ही रचना आजही दिसते. आतील लाकडी इमारती मात्र १८२८ च्या आगीत नष्ट झाल्या.

वाड्याच्या मध्यभागी शेकोटी नव्हे, तर मोकळा चौक असे. ओसरी, सोपा, माजघर यांना तेथूनच उजेड व वारा मिळे. वीट आणि लाकूड दोन्हीकडे होते. थंड प्रदेशाने घराच्या मध्यभागी अग्नी जपला, उष्ण प्रदेशाने आकाश.

आज शहरांतील जुने वाडे पाडले जात आहेत आणि त्यांच्या जागी सदनिका उभ्या राहत आहेत. घर ही बहुतेक कुटुंबांची आयुष्यातील सर्वांत मोठी खरेदी असते व तिचे हप्ते वर्षानुवर्षे चालतात. म्हणून दर चौरस फुटाच्या भावाबरोबरच, घराच्या आतील खोल्यांपर्यंत उजेड आणि वारा पोहोचतो का, हेही ग्राहकाने सही करण्यापूर्वी अवश्य पाहावे.