'हेल्प'चा मराठी संसार

इंग्रजीतले 'हेल्प' हे क्रियापद पाचवीच्या मुलालाही ठाऊक असते. आपट्याच्या आसपासच्या शाळांत इंग्रजी शिकवताना मी ते असंख्य वेळा फळ्यावर लिहिले आणि समोर 'मदत करणे' हा अर्थ दिला. अर्थ बरोबरच आहे, पण तो आपला नव्हे. 'मदत' अरबीतून फारसीच्या वाटेने आली. बखरींतली 'कुमक' तुर्की वळणाची. 'साहाय्य' संस्कृत: 'सहाय' म्हणजे सोबत चालणारा, त्यावरून 'साहाय्य'. (पाट्यांवर सर्रास दिसणारे 'सहाय्य' हे या दोहोंची खिचडी आहे.) शिवाय या तिन्ही शब्दांना 'करणे' किंवा 'पाठवणे' असे दुसरे क्रियापद जोडावे लागते. 'मदतणे' असे काही आपण म्हणत नाही.

इंग्रजांकडे वाटणी सरळ आहे. 'हेल्प' हा त्यांचा जुना घरचा शब्द. 'एड' आणि 'असिस्ट' फ्रेंचांकडून आलेले, म्हणून कचेरीत आणि करारपत्रात शोभणारे. बुडणारा माणूस 'हेल्प' असेच ओरडतो, 'असिस्ट' नव्हे. मग मराठीचा घरचा शब्द कोणता?

माझ्या मते तो आहे 'लागणे'. 'ती आईला भाजी निवडू लागते.' 'मला जरा भारा उचलू लाग.' कोशात 'हेल्प'समोर हा प्रयोग सहसा सापडत नाही, कारण तो शब्द नसून वाक्याची घडण आहे. 'पोरगी भात लावू लागली' म्हटले की तिने लावणीला सुरुवात केली. 'पोरगी आईला भात लावू लागली' म्हटले की तिने आईला मदत केली. फरक एका 'आईला'चा. सुरुवात आणि मदत या दोन अर्थांना एकच क्रियापद कसे पुरते, याचे मला नेहमी नवल वाटते. दुसऱ्याच्या कामाला आपला हात लागला, एवढीच त्यामागची कल्पना असावी. यात उपकार नाही, देणारा वर आणि घेणारा खाली असेही नाही. 'मी तुला मदत केली' हे वाक्य पुढे बोलून दाखवता येते. 'मी तुला भाजी निवडू लागलो' हे वाक्य बोलून दाखवायला जरा अवघडच.

याच्या जवळचा शब्द 'सावड'. आज सगळ्यांनी तुमच्या शेतात लावणी करायची, उद्या आमच्या. पैसे नाहीत, पण हिशेब पक्का: जितके दिवस घेतले तितके फेडायचे. घाटावर 'इर्जिक' आहे. तिथे काम करायला आलेल्यांना जेवण घालतात. इंग्रजीतला कुठलाच एक शब्द यांना पुरत नाही. पाताळगंगेच्या खोऱ्यात रसायनीचे कारखाने उभे राहिले, तरुण माणसे पाळीवर जाऊ लागली आणि लावणीच्या दिवसांत शेजारी मोकळा सापडेना. आता मजूर आणतात. 'लावू लागायला' माणूस हवा असे कुणी म्हणत नाही. 'लावायला' माणूस हवा म्हणतात.

सरकारी मराठीत गंमत वेगळी आहे. 2 ऑक्टोबर 1975 रोजी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडीत सेविकेच्या जोडीला 'मदतनीस' आली. 'चिटणीस', 'फडणीस' यांतला 'नीस' हा फारसी 'नवीस', म्हणजे लिहिणारा. 'मदतनीस'च्या शेवटीही तोच बसलेला दिसतो. प्रत्यक्षात नोंदवह्या सेविका भरते; मदतनीस मुलांना घरून आणते, झाडते, खाऊ शिजवते. नावात लेखणी, हातात झाडू.

वर्तमानपत्रांत तर 'मदत' म्हणजे रक्कमच झाली आहे. ती 'जाहीर' होते, 'मंजूर' होते, 'रखडते'. 19 जुलै 2023 च्या रात्री आपट्यापासून फार लांब नसलेल्या, खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. मृतांच्या वारसांना 5 लाख रुपयांची मदत जाहीर झाली. ती हवीच होती. पण वाडी डोंगरावर, वर गाडीरस्ता नाही, मोठी यंत्रे चढवता येईनात. माणसे पावसात चिखलाची वाट चढून गेली आणि फावड्यांनी, हातांनी माती उपसू लागली. या शेवटच्या वाक्यातल्या 'लागली'चा अर्थ सुरुवात घ्यायचा की मदत, हे मला व्याकरणाने सांगता येत नाही. तिथे 'कुणाला' हा शब्द लिहिलेला नाही. ज्यांच्यासाठी ती उपसत होती ते मातीखाली होते.