व्हिटॅमिनची बेरीज: फ्रिजवरचे चार डबे

आजचा एपिसोड आमच्या घरच्या फ्रिजवरून सुरू होतो.

दिवाळीला पुण्याहून घरी गेलो, पुरुषोत्तमनगरला. आप्पा साखर कारखान्यातून रिटायर झालेत, गुडघे दुखतात. फ्रिजवर बघतो तर चार वस्तू: व्हिटॅमिन डीची पाकिटं, कॅल्शियमच्या गोळ्या, एक मल्टीव्हिटॅमिन, आणि मीच ऑनलाइन पाठवलेल्या गमीज.

"आप्पा, हे पाकीट कधी घेता?"

"रोज सकाळी, दुधातून. संपलं की दुकानातून आणतो. शक्तीचंच आहे ना!"

डॉक्टरांच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं, आठवड्यातून एकदा. आप्पा दीड महिना रोज घेत होते.

आता आकडे बघू. त्या एका पाकिटात ६०,००० आययू व्हिटॅमिन डी असतं. आययू म्हणजे मोजायचं एकक; ४० आययू म्हणजे १ मायक्रोग्रॅम. आयसीएमआर आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार आपल्याला दिवसाला ६०० आययू लागतं. म्हणजे एक पाकीट म्हणजे शंभर दिवसांचा शिधा! स्वतःच्या मनाने रोज घ्यायची वरची मर्यादा ४,००० आययू. आप्पा तिच्या पंधरा पट घेत होते, आणि बाकीचे तीन डबे वेगळेच.

मग जास्तीचं जातं कुठे? बी गटातली आणि सी ही व्हिटॅमिन्स पाण्यात विरघळतात, जास्तीची बरीचशी लघवीवाटे निघून जातात. पण ए, डी, ई आणि के चरबीत विरघळतात आणि शरीरात साठून राहतात. आमच्या कोडिंगच्या भाषेत हा मेमरी लीक. रोज थोडं थोडं साचतं, स्क्रीनवर काही दिसत नाही, आणि एक दिवस सिस्टीम हँग!

डी जास्त झालं की रक्तातलं कॅल्शियम वाढतं. मग खूप तहान लागते, सारखं लघवीला जावं लागतं, पोट साफ होत नाही, मळमळतं, थकवा येतो. पुढे मुतखडा होऊ शकतो, किडनीला इजा होऊ शकते. आप्पांना तहान लागत होतीच. घरात सगळे म्हणायचे, ऑक्टोबरचं ऊन आहे, वय झालंय. रक्त तपासलं तेव्हा कॅल्शियम वाढलेलं निघालं. सगळे डबे बंद केले, पण आकडा जागेवर यायला दोन महिने गेले. साठलेलं लगेच उतरत नाही ना.

"मी तर फक्त बी आणि सी घेतो" असं कुणी म्हणत असेल, तर थांबा. सी दिवसाला २,००० मिलिग्रॅमच्या वर गेलं की जुलाब होऊ शकतात, मुतखड्याचा धोकाही वाढतो. बी६ मोठ्या डोसने बरेच महिने घेतलं तर नसांना इजा होते, हातापायांना मुंग्या येतात. गंमत बघा, लोक मुंग्या येतात म्हणूनच बी कॉम्प्लेक्स घेतात! ए जास्त झालं तर लिव्हरला त्रास, आणि गरोदरपणात बाळात व्यंग येण्याचा धोका. फिनलंडमध्ये सिगारेट ओढणाऱ्या २९,१३३ पुरुषांवर मोठा अभ्यास झाला होता. १९९४ मध्ये निकाल आला: बीटा कॅरोटीनच्या गोळ्या घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कॅन्सर कमी व्हायच्या ऐवजी सुमारे १८ टक्के जास्त निघाला.

आपल्या नंदुरबारसाठी एक खास गोष्ट. आपल्याकडे सिकलसेलची बरीच कुटुंबं आहेत. या आजारात लाल पेशी लवकर फुटतात, पण त्यातलं लोह शरीरातच राहतं. रक्त चढवलं की त्यात भर पडते, आणि जास्तीचं लोह बाहेर टाकायला शरीराकडे वाट नाही. म्हणून "रक्त कमी आहे" ऐकून लोह असलेलं टॉनिक किंवा मल्टीव्हिटॅमिन आपल्या मनाने सुरू करू नका. या पेशंटना डॉक्टर फॉलिक ॲसिड देतात, ते वेगळं. लोह द्यायचं की नाही, हे तपासणी करून डॉक्टरच ठरवतील.

पण याचा उलटा अर्थ काढू नका हं. गरोदर ताईला आशाताईंनी दिलेली लोहाची गोळी, अंगणवाडीतल्या बाळाचा व्हिटॅमिन एचा डोस, शाकाहारी माणसाला डॉक्टरांनी दिलेलं बी१२, हे मोजून दिलेलं असतं. ते चुकवायचं नाही. कमतरता खरी असते, औषधही खरं असतं. चूक होते ती बेरजेत. प्रत्येक डबा एकटा बघितला तर बरोबर असतो, पण चार डब्यांची बेरीज कुणी करत नाही.

म्हणून आज एवढंच करा. घरातले सगळे डबे एका टेबलावर ठेवा, मागच्या लेबलांचे फोटो काढा. कुठलं व्हिटॅमिन किती डब्यांत आहे ते बघा. चिठ्ठीवर "रोज" आहे की "आठवड्यातून एकदा", ते मोठ्याने वाचा. आणि पुढच्या वेळी डॉक्टरांना तेच फोटो दाखवा.

आप्पांना गमीज मीच पाठवल्या होत्या, प्रेमाने. आता दर रविवारी फोन करतो आणि विचारतो, "आप्पा, काय काय चालू आहे?" तुम्हीही विचारा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!